प्रकाशाची पाणसळ : लेझर शेतात कसा उतरला

शेतीच्या इतिहासाबद्दल बोलायला लागलो की आपण नांगर, बियाणं, खत, धरणं यांच्याबद्दल बोलतो. जमीन सपाट असणं किंवा नसणं याला कुणी इतिहास मानत नाही. आज मला नेमकं त्याच्याबद्दलच बोलायचंय. त्यासाठी एका अवजाराचा माग काढायचा आहे, ज्याला पंजाबात ‘कंप्युटर कराहा’ म्हणतात. कराहा म्हणजे बैलांनी किंवा ट्रॅक्टरनं ओढायचं, माती सारखी करायचं जुनं अवजार. आपल्याकडची केणी म्हणा ना. त्याच्यापुढे ‘कंप्युटर’ लागला तो लेझरमुळे.

आधी प्रश्न काय आहे तो बघू. ज्यानं कधी रात्री वीज आल्यावर उठून दारं धरलीत, त्याला हे सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. पाटानं पाणी द्यायचं म्हणजे वाफ्याच्या एका टोकाला पाणी सोडायचं आणि ते दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत थांबायचं. जमीन डोळ्यांना कितीही सपाट दिसली तरी पाणी लगेच तिचं बिंग फोडतं. कुठे उंचवटा कोरडा राहतो, कुठे खळग्यात घोटाभर पाणी साचतं. उंचवटा भिजावा म्हणून आपण पाणी चालूच ठेवतो, आणि तोवर खळग्यातलं पीक पिवळं पडायला लागतं.

आता साधा हिशेब. एक हेक्टर जमिनीवर एक सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा थर म्हणजे १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर. पारंपरिक पद्धतीनं ‘सपाट’ केलेल्या भातखाचरात सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल जागेत दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक असणं अगदी नेहमीचं आहे. सगळीकडे पाणी उभं राहायला हवं असेल तर हा फरक आपण पाण्यानं बुजवतो. मातीनं बुजवायची गोष्ट पाण्यानं बुजवायची, आणि तीही दर हंगामात! लेझरची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे म्हटलं तरी चालेल.

पूर्वीचे लोक हे जाणून नव्हते असं नाही. भाताच्या खाचरात चिखलणी करून वर फळी फिरवतात, तेव्हा पाणीच पाणसळीचं काम करत असतं. जिथे माती पाण्याबाहेर डोकावते तिथून ओढायची आणि जिथे बुडालीय तिथे टाकायची. छोट्या खाचराला ही युक्ती उत्तम आहे. पण शेत एकरा-दोन एकरांचं झालं, कोरडं असलं, की डोळा फसतो. दुर्बीण लावून, खुंट्या मारून मोजमाप करता येतं, पण खुंटीपाशी माती बरोबर आणि दोन खुंट्यांच्या मध्ये पुन्हा अंदाजच.

आता लेझरकडे येऊ. १६ मे १९६० या दिवशी कॅलिफोर्नियातल्या मॅलिबू इथे, ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत थिओडोर मेमननं पहिला लेझर चालवून दाखवला. गंमत म्हणजे त्याचा शोधनिबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’नं परत पाठवला आणि मग तो ‘नेचर’मध्ये छापून आला. त्या काळात लेझरबद्दल एक थट्टा चालायची, की हे असं उत्तर आहे ज्याला अजून प्रश्न सापडलेला नाही. मेमनचा माणकाचा लेझर झटक्या-झटक्यानं उजळायचा. शेताला उपयोगी पडला तो त्यानंतरचा, सलग झोत देणारा हेलियम-निऑन लेझर. तो त्याच वर्षी डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत तयार झाला आणि १९६२ मध्ये त्याचा तो ओळखीचा लाल झोत निघाला.

लेझरला जे पहिलेवहिले प्रश्न सापडले त्यातला एक शेतातला होता, हे फारसं कुणाला माहीत नसतं. तोही सपाटीचा नव्हता. पाणी द्यायचा तर नव्हताच, पाणी काढून टाकायचा होता. अमेरिकेतल्या ओहायो आणि आसपासच्या राज्यांत पाणथळ, चिकण जमिनी फार. तिथे शंभराहून जास्त वर्षं शेतकरी जमिनीखाली मातीच्या भाजलेल्या नळ्या पुरून निचरा करत आलेत. या नळ्यांना उतार द्यावा लागतो शंभर मीटरला जेमतेम दहा-वीस सेंटिमीटर. मध्येच नळी एखाद-दोन सेंटिमीटर वर-खाली झाली तर तिथे गाळ साचतो आणि पुढची सगळी ओळ निकामी. १९६० च्या दशकात मातीच्या नळीच्या जागी प्लास्टिकची लवचिक, पन्हाळी नळी आली आणि ती नांगरासारख्या यंत्रानं थेट जमिनीत घालता यायला लागली. यंत्राचा वेग वाढला. आता खुंट्या बघून उतार सांभाळायला माणूस पुरेना. अमेरिकन कृषी खात्याच्या ओहायोतल्या अभियंत्यांनी तिथे लेझर लावला : शेतात एका बाजूला झोत, यंत्रावर तो टिपणारा डोळा, आणि डोळ्याच्या सांगण्यावरून वर-खाली होणारा फाळ.

त्याच राज्यातल्या डेटन गावाच्या परिसरात रॉबर्ट स्टुडबेकर यानं हीच कल्पना आणखी पुढे नेली. (हे राइट बंधूंचं गाव. तिथल्या पाण्यातच काहीतरी असावं.) त्याच्या कंपनीचं नावच ‘लेझरप्लेन’ होतं, आणि नावातच सगळी युक्ती आहे. झोत एका रेषेत सोडला तर तो एकाच यंत्राला, एकाच दिशेत उपयोगी. पण तोच झोत तिवईवर गरगर फिरवला तर शेतावर प्रकाशाचं एक अदृश्य छत तयार होतं, सगळीकडे एकाच पातळीत. आता त्या छताखाली यंत्र कुठेही जावो, आपण छतापासून किती खाली आहोत हे त्याला क्षणोक्षणी कळतं.

समतलीकरणाचं आजचं यंत्र या तत्त्वावरच चालतं. बांधावर तिवई, तिवईवर फिरता लेझर. ट्रॅक्टरमागे मातीचं मोठं सुपडं, त्याला उभा दांडा आणि दांड्यावर झोत टिपणारा ग्राहक. चालकाशेजारी एक छोटी पेटी आणि तिच्या हुकमावर उघड-मीट करणारा हायड्रॉलिक झडपेचा संच. आधी शेतभर ठरावीक अंतरावर उंची मोजून सरासरी काढायची, सुपडं त्या उंचीला लावायचं, आणि ट्रॅक्टर हाकत राहायचं. उंचवट्यावर सुपडं आपोआप माती कापतं, खळग्यात आपोआप सोडतं. चालकानं फक्त स्टिअरिंग सांभाळायचं. शेवटी उरणारा फरक साधारण दोन सेंटिमीटरच्या आत. छत थोडं तिरकं लावलं तर हवा तितका उतारही मिळतो. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की वर्षानुवर्षं बांधावर उभं राहून ‘अजून जरा इकडं ओढ’ सांगणाऱ्या जाणत्या माणसाची नजर इथे पेटीत गेली. चांगलं की वाईट, ते तुम्ही ठरवा.

आता आपण ॲरिझोनात जाऊ, कारण लेझरला पहिलं मोठं काम तिथे मिळालं आणि ते चक्क दोन देशांच्या भांडणातून मिळालं.

ॲरिझोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, युमा शहराजवळ वेल्टन-मोहॉक नावाचा सिंचन जिल्हा आहे. १९५० च्या दशकात तिथे कोलोरॅडो नदीचं पाणी पोचलं. वाळवंटात शेतं हिरवी झाली, पण दिलेलं जास्तीचं पाणी जमिनीत मुरून खालची खारट पातळी वर यायला लागली. मुळं गुदमरायला लागल्यावर जिल्ह्यानं १९६१ मध्ये निचऱ्याच्या विहिरी चालू केल्या आणि ते खारट पाणी सरळ नदीत सोडलं. खाली मेक्सिको! मेक्सिकाली खोऱ्यातले कापूसवाले शेतकरी त्याच नदीवर जगत होते. दोन वर्षांत त्यांना मिळणाऱ्या पाण्यातले क्षार ८०० पीपीएमच्या आसपासवरून १५०० च्या घरात गेले. पिकं करपली. अमेरिकेचं म्हणणं असं, की १९४४ च्या करारात आम्ही मेक्सिकोला वर्षाला १५ लाख एकर-फूट पाणी कबूल केलंय, ते गोड असेल असं कुठे लिहिलंय? कायद्याच्या शब्दात बसवून समोरच्याला खारं पाणी पाजायचं, ही कला फक्त आपल्याकडेच आहे असं नाही.

बारा वर्षं हे भांडण चाललं. १९७३ मध्ये ‘मिनिट २४२’ नावाचा समझोता झाला आणि अमेरिकेनं पाण्याच्या दर्जाची हमी दिली. १९७४ मध्ये त्यासाठी कायदा झाला. उपाय तीन निघाले. एक, खारं पाणी नदीत न सोडता वेगळ्या कालव्यानं मेक्सिकोतल्या दलदलीत नेऊन सोडणं. त्यातून सिएनेगा दे सांता क्लारा ही पाणथळ जागा फोफावली, जिथे आज दुर्मीळ पक्षी राहतात. दोन, युमाला क्षार काढायचा प्रचंड कारखाना उभारणं. तो १९९२ मध्ये पुरा झाला आणि तेव्हापासून बहुतेक काळ बंदच आहे. आणि तीन, ज्याची चर्चा सगळ्यात कमी झाली : वेल्टन-मोहॉकच्या शेतकऱ्यांना सरकारी मदत देऊन शेतं लेझरनं सपाट करायची, म्हणजे मुळात जास्तीचं पाणी मुरणारच नाही. चारी बाजूंनी बांध, आत टेबलासारखं सपाट शेत, एकदम मोठा प्रवाह सोडायचा आणि काही वेळात सगळीकडे सारखं पाणी. निचऱ्याचं पाणी घटलं. कारखान्यापेक्षा सुपड्यानं जास्त काम केलं असं माझं मत आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. वेल्टन-मोहॉकमध्ये शेतात मुरलेला जास्तीचा थेंब खाली जाऊन खारा होत होता, आणि पुन्हा कुणाच्याच कामाचा राहत नव्हता.

तिथून लेझर आला सिंधू नदीच्या खोऱ्यात. १९७० च्या दशकात पाकिस्तानी पंजाबात, भलवालजवळच्या मोना प्रकल्पात कोलोरॅडो राज्य विद्यापीठाचे लोक स्थानिक अभियंत्यांबरोबर काम करत होते. कालव्यापासून शेतापर्यंत येता येता आणि मग शेतातल्या चढ-उतारात पाणी किती वाया जातं, ते त्यांनी मोजलं. त्या भागात ‘वाराबंदी’ आहे : आठवड्याचे १६८ तास जमिनीच्या प्रमाणात वाटलेले, प्रत्येकाची वेळ ठरलेली. आपल्याकडच्या शेजपाळीची चुलत बहीण म्हणा, फक्त तिथे घड्याळ जास्त कडक. अशा ठिकाणी जमीन सपाट असणं म्हणजे आपल्या वाट्याच्या तासांत जास्त शेत भिजणं. त्यामुळे लेझरची गरज शेतकऱ्याला समजावून सांगावी लागली नाही. १९८५ मध्ये तिथल्या सरकारच्या जलव्यवस्थापन कार्यक्रमातून पाकिस्तानी पंजाबात लेझर यंत्रं आली.

सीमा ओलांडून अलीकडे यायला मात्र आणखी सोळा वर्षं गेली. २००१ मध्ये पश्चिम उत्तर प्रदेशात ‘राइस-व्हीट कन्सॉर्शियम’च्या शास्त्रज्ञांनी पहिलं यंत्र आणलं. मग हरियाणा, मग पंजाब. यंत्र महाग, त्याला पन्नासेक अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो, आणि दोन-चार एकरवाल्याला ते वर्षातले दोन दिवसच हवं. तरी ते पसरलं, कारण ते विकत घ्यावं लागत नव्हतं. गावातल्या एकानं किंवा सहकारी सोसायटीनं घ्यायचं आणि बाकीच्यांनी तासाच्या भाड्यानं बोलवायचं. मळणीयंत्राचं आणि हार्वेस्टरचं जे झालं तेच. भारतातल्या शेतीत यंत्रं अशीच शिरतात. अनुदानाच्या आकड्यांकडे बघणाऱ्यांना हा भाड्याचा बाजार दिसत नाही.

फायदा किती? हरियाणा आणि पंजाबमधल्या शेतकऱ्यांच्या पाहणीवर २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लेझरनं सपाट केलेल्या शेतात भाताला हंगामात हेक्टरी ४७ ते ६९ तास पाणी कमी द्यावं लागलं, गव्हाला १० ते १२ तास. आणि भाताचं उत्पादन सुमारे ७ टक्के वाढलं. पूर्व उत्तर प्रदेशात गोरखपूर, महाराजगंज, देवरिया या जिल्ह्यांत तर अर्थशास्त्रज्ञांनी वेगळाच प्रयोग केला. लेझरच्या सेवेचा लिलाव केला आणि कोण शेतकरी तासाला किती द्यायला तयार आहे ते बघितलं. तिथे पंपानं पाणी उपसणं सुमारे पाव भागानं घटलं. तिथे बरेच पंप डिझेलवर चालतात. पंप तासभर कमी चालला की त्याच दिवशी खिशात पैसे उरतात.

आता इथे थांबून एक अवघड प्रश्न विचारायला हवा. शेतात पाणी वाचलं, हे मान्य. मग जमिनीखालची पातळी वर आली का?

भारतीय पंजाबात १९९७ पासून शेतीपंपाची वीज फुकट आहे (मध्ये थोडा काळ आकार लागला होता तेवढा सोडून). पंप दहा तास कमी चालला तरी शेतकऱ्याचा एक पैसा वाचत नाही. पातळी इतकी खाली गेली की २००९ मध्ये पंजाब आणि हरियाणा दोघांनाही कायदा करून भाताची लावणी जूनमध्ये पुढे ढकलावी लागली. (भात उशिरा कापला जायला लागला, गव्हासाठी शेत मोकळं करायची घाई झाली आणि दिल्लीच्या धुरात त्याचीही भर पडली. पण तो वेगळ्या भागाचा विषय आहे.) म्हणजे ज्या वर्षांत हजारो एकर लेझरखाली सपाट होत होते, त्याच वर्षांत विहिरी खोल जात होत्या.

याचं उत्तर शोधायचा सगळ्यात प्रामाणिक प्रयत्न मला पाकिस्तानात सापडला. आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेनं २००७ मध्ये रावी आणि चिनाब यांच्यामधल्या रेचना दोआबाबद्दल एक अहवाल काढला. लेझर आणि बिननांगरणीची पेरणी यांनी शेताच्या पातळीवर पाणी वाचवलं, हे त्यांनी मान्य केलं. पण मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांनी वाचलेलं पाणी जास्त जमीन भिजवायला वापरलं. त्यांचा काही गुन्हा नाही. तुम्ही-मी तेच केलं असतं. वाराबंदीत तास वाचले तर पडीक तुकडा कोण पडीक ठेवेल?

दुसरा मुद्दा त्याहून बारीक आहे. जिथे खालचं पाणी गोड आहे, तिथे शेतात जास्तीचं मुरलेलं पाणी ‘वाया’ गेलेलंच नसतं. ते खाली जातं आणि शेजारचा बोअर तेच वर काढतो. लेझरनं तो मुरवा थांबवला, की शेतकऱ्याचा पंपाचा खर्च वाचतो, हे खरंच. पण खोऱ्याच्या हिशेबात पाणी तितकं वाचत नाही. पाणी खऱ्या अर्थानं संपतं ते पिकाच्या पानांतून आणि मातीवरून हवेत उडून. पीक वाढलं, क्षेत्र वाढलं, की ते जास्तच उडतं. उलट जिथे खालचं पाणी खारं आहे, तिथे मुरलेला प्रत्येक थेंब कायमचा गेला. तिथे लेझर खरोखर पाणी वाचवतो. वेल्टन-मोहॉक आठवतंय ना? यंत्र तेच, सुपडं तेच, दोन सेंटिमीटरची अचूकता तीच. निकाल ठरतो जमिनीखाली काय आहे त्यावर, आणि ते तिवईवरच्या दिव्याला दिसत नाही.

म्हणूनच आपल्याकडे कुणी सरसकट ‘लेझर लेव्हलिंग करा’ म्हटलं की मी जरा सावध होतो. गंगा-यमुनेच्या गाळाच्या जमिनीत कितीही खोल खणा, मातीच लागते. दख्खनचं तसं नाही. कितीतरी शेतांत वीतभर मातीखाली मुरूम आहे. उंचवटा कापून खळग्यात टाकला तर वरची जीवाची माती एका कोपऱ्यात आणि बाकी शेतात उघडा मुरूम, असं व्हायचं. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानंतर आपल्याकडे समतल रेषेवर बांध घालण्याची मोठी कामं झाली, ती यासाठीच : उतार मोडायचा नाही, त्याच्याशी जुळवून घ्यायचं. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावरची सपाटी टिकवायला अधूनमधून पुन्हा हात फिरवावा लागतो.

पण महाराष्ट्रात एक पट्टा असा आहे जिथे ही सगळी गोष्ट नेमकी लागू पडते. कृष्णा-पंचगंगेच्या काठची सांगली-कोल्हापूरकडची खोल काळी जमीन. शिरोळ, मिरज, वाळवा. नदीवरून उपसा करून उसाला वर्षानुवर्षं मोकळं पाणी दिलं आणि हजारो एकर क्षारपड झाले. वर पांढरा थर, खाली खारं पाणी. तिथे मुरणारा जास्तीचा थेंब वेल्टन-मोहॉकइतकाच घातक आहे. तिथे सरी थोड्या, सारख्या उताराची असली आणि पाणी मोजून दिलं, तर नवं खारं पाणी तरी साचणार नाही.

आधीच साचलेलं काढायला त्या भागात जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालायची कामं सुरू आहेत. काही ठिकाणी साखर कारखान्यांनी पुढाकार घेतला, शेतकऱ्यांनी गट करून कर्जं काढली, कारण एकट्यानं पाइप घालून उपयोग नाही, ते पाणी पुढे ओढ्यापर्यंत सगळ्यांच्या शेतांतून न्यावं लागतं. पाइप घालायचा चार-पाच फूट खाली, उतार शंभर मीटरला काही सेंटिमीटर, आणि मध्ये कुठे पोट पडलं तर तिथे गाळ. म्हणजे १९६० च्या दशकात ओहायोत ज्या कामासाठी झोत पहिल्यांदा शेतात उभा केला, नेमकं तेच काम शिरोळात अजून शिल्लक आहे.